अनुभव द्यायचा कोणी?

श्रावण सरू लागला की बाजारपेठेत दसरा-दिवाळीच्या मालाचे गठ्ठे येऊन पडू लागतात. त्याच सुमारास कापड, पादत्राणे, भांडी, विजेची उपकरणे अशा दुकानांच्या दारांवर एक कागद हमखास दिसतो : ‘काउंटरवर अनुभवी मुलगा किंवा मुलगी पाहिजे.’ आत बसलेले शेठजी सांगतात की हल्ली कामाला माणूस मिळत नाही. त्याच रस्त्याने जाणारा, नुकताच बी.कॉम. झालेला तरुण घरी जाऊन सांगतो की गावात कामच मिळत नाही. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. दोघांच्या मध्ये उभा असतो तो ‘अनुभवी’ हा एक शब्द.

हा अनुभव पूर्वी कोठे तयार होत असे, हे व्यापारी घराण्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. खेड्यातून आलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पेढीवर राही, पेढीवरच जेवी. पहिले काही महिने झाडलोट, पाणी भरणे, माल उचलून ठेवणे एवढेच त्याच्या वाट्याला येई. मग घडी घालणे, मोजणे, तोलणे. पुढे रोजमेळ आणि खतावणी. काही वर्षांनी त्यातूनच एखादा मुनीम होई, एखादा स्वतःचे दुकान थाटी. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. मुलाचे वय शाळेचे असे, कामाला घड्याळ नसे, पगार मालकाच्या मर्जीवर असे. ती व्यवस्था गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर शिकवण्याची पायरीही गेली, आणि तिच्या जागी दुसरी बांधावी असे फार थोड्यांना वाटले.

दरम्यान बाजार बदलला. मोठ्या साखळी दुकानांनी शहरांत जागा घेतली, घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक दुकानापर्यंत येण्याचेच कारण कमी केले. जेथे पूर्वी सहा माणसे असत तेथे संगणकाच्या साहाय्याने चौघांत काम भागू लागले. उमेदवारांची संख्या मात्र वाढतच राहिली. केंद्र सरकारचे श्रमबल सर्वेक्षण वर्षानुवर्षे हेच दाखवत आले आहे की अशिक्षितांपेक्षा पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे बारावी झालेल्याचे काम आज पदवीधर मागतो, आणि बारावी झालेला त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. अशा वेळी दुकानदाराला अनुभवाची अट घालणे सोपे जाते. अट प्रत्येकाने घातली, तर पहिला अनुभव द्यायचा कोणी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

या परिस्थितीत काम शोधणाऱ्याच्या हाती काहीच नाही, असे नव्हे. किरकोळ दुकानातील पहिले काम बहुधा अर्जाने मिळत नाही, समक्ष भेटीने मिळते. म्हणून भेटीची वेळ महत्त्वाची. भवानी होण्यापूर्वी दुकानात शिरून ‘काम आहे का’ असे विचारू नये, आणि संध्याकाळच्या गर्दीत तर मुळीच नको. दुपारी दोन ते चारच्या निवांत वेळी गेलेल्याचे ऐकून घेतले जाते. हंगामापूर्वी पाच-सहा आठवडे गेलेला उमेदवार ऐन सणात गेलेल्यापेक्षा लवकर लागतो, कारण शिकवायला तेवढाच वेळ उरलेला असतो. हंगामापुरते मिळालेले काम हलके मानू नये. दिवाळीच्या गर्दीत ज्याचा तोल सुटला नाही, त्याला लग्नसराईत पुन्हा बोलावणे येते.

जाण्यापूर्वी त्या मालाची तोंडओळख करून घ्यावी. कापडदुकानात उभे राहणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे की नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. पूर्ण बाहीच्या सदऱ्याला 36 इंची पन्ह्याचे सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागते, आणि 58 इंची पन्ह्याचे साधारण दीड ते पावणेदोन मीटर पुरते. तयार कपड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के आणि त्यावरील नगाला 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, हे माहीत असलेला उमेदवार बिल करण्याच्या जागेसाठीही चालतो. यांपैकी कोणतीही गोष्ट शिकायला पैसे लागत नाहीत. एखाद्या शिंप्याजवळ दोन दुपारी बसले तरी बरेचसे कळते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षण यांच्या नावाखाली जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे बहुधा नोकरी नसते. खरा दुकानदार पगार देतो. कामाला ठेवण्यासाठी पैसे घेत नाही.

आता गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूचा विचार. नवख्याला न घेण्याचे व्यापाऱ्याचे कारण साधे आणि प्रामाणिक असते. मुलाला शिकवावे, त्याचा हात बसावा, आणि शेजारच्याने हजार रुपये अधिक देऊन त्याला उचलावे, हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. तथापि माणसे केवळ हजार रुपयांसाठी जातात, असे समजणे हा हिशेब अपुरा आहे. ‘आधी काम बघू, मग पगार ठरवू’ असे जेथे सांगितले जाते, जेथे पगाराची तारीख दरमहा सरकते, जेथे दिवसभर उभे राहूनही क्षणभर टेकण्याची मुभा नसते, तेथून माणूस जातो. कायद्याने पगार पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा लागतो. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला आसन मिळावे, यासाठी केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये आपल्या दुकानविषयक कायद्यांत दुरुस्ती केली. लाकडी स्टुलाची किंमत ती काय! ते ठेवायला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

शिकवण्याचा भार हलका करण्याच्या वाटाही उपलब्ध आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे, चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार घेता येतात. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णाला दरमहा 6000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन शासनाकडून ठरविण्यात आले. अशा सोयींची चौकशी कर सल्लागाराकडे एकदा करून ठेवावी. आणि योजना नसली, तरी एवढे प्रत्येकाला जमते : पगार पहिल्या दिवशी ठरवावा, कामाचे स्वरूप कागदावर द्यावे, पहिला महिना एका जुन्या माणसाच्या हाताखाली ठेवावे, आणि मुलगा सोडून जाऊ लागला तर रागाने नव्हे, अनुभवाचे प्रमाणपत्र देऊन निरोप द्यावा. ते एक पान त्याला पुढच्या दारात उभे करते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी व्यापारी घरांत फारसे बोलले जात नाही. तीन भावांचे संसार एका दुकानावर चालणे आता अनेक गावांत कठीण झाले आहे. एखाद्याचे दुकान मिटते, आणि कालपर्यंत गादीवर बसलेल्या घरातला मुलगा काम शोधू लागतो. किरकोळ विक्रीचे बाळकडू त्याला घरातच मिळालेले असते. ‘अनुभवी’ या शब्दाला तो पुरेपूर उतरतो. तरीही दुसऱ्याच्या काउंटरवर उभे राहायला त्याचे पाय धजत नाहीत. ओळखीचे गिऱ्हाईक आले तर काय म्हणेल, सोयरिकीच्या वेळी काय सांगायचे, या विचारांत वर्ष निघून जाते. घरचे वडीलही ‘थोडे थांब, काहीतरी स्वतःचेच करू’ म्हणतात, आणि ते स्वतःचे उभे करण्यासाठी शिल्लक मोडली जाते किंवा कर्ज काढले जाते.

दुसऱ्याचा माल विकण्यात कमीपणा असता, तर कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडले नसते. त्या भटकंतीत त्यांनी खेड्यांची स्थिती जवळून पाहिली, आणि 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली. विक्रेत्याचे काम माणसाला माणसे ओळखायला शिकवते. ती विद्या दुसऱ्याच्या दुकानात मिळाली म्हणून उणी ठरत नाही.

ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या इतरांच्या मुलांना कामाला ठेवले, त्यांच्यातील काहींची मुले आज कामासाठी बाहेर पडत आहेत. ही वेळ लाजेची नाही. नीट पाहिले तर शिकण्याची आहे. आपल्या मुलाला परक्या दुकानात जसे वागवले जावे असे वडिलांना वाटते, तसेच आपल्या दुकानातील परक्या मुलाला वागवावे, एवढा एकच नियम पुरेसा आहे. यंदाच्या हंगामासाठी चार माणसे घ्यायची ठरली असतील, तर त्यांतला एक तरी अगदी नवखा असावा. दोन महिने त्याच्याकडून चुका होतील, एखादे बिल चुकेल, एखादे गिऱ्हाईक परत जाईल. तो खर्च नुकसानीच्या खात्यावर मांडू नये. पाडव्याच्या दिवशी तोच मुलगा विचारल्यावाचून नेमका ताका काढून समोर पसरील, तेव्हा भांडवल कोठे गुंतले होते ते कळेल.