दोष चारणाऱ्याचा की चाऱ्याचा?

आपल्या समाजातील अनेक छोटे व्यापारी व कारागीर बकरी ईदच्या चार-पाच महिने आधी बोकड विकत घेतात आणि खेड्यातील पाळणाऱ्याकडे अर्ध्या वाट्याने सोपवितात. ईद जवळ आली की बोकड अपेक्षेइतका भरलेला नसतो. मालक म्हणतो, "मामू, तुम्ही चारलाच नाही." तो बिचारा शपथ घेतो, "शेठ, फजरपासून मगरिबपर्यंत रानातच होतो." भागीदारी तुटते आणि मनेही तुटतात. असा संशय मीही घेतलेला आहे. आज वाटते, तो घेण्यापूर्वी हिशेब करावयास हवा होता.

गोठ्यात चारा तोलून टाकता येतो, उरलेला पुन्हा तोलता येतो. रानात ती सोय नाही. म्हणून जाणकार उलट बाजूने हिशेब करतात. बोकडाच्या मागे पट्ट्यांनी पिशवी बांधून पाच-सात दिवसांच्या सर्व लेंड्या गोळा करतात, वाळवितात आणि तोलतात. चाऱ्याचा न पचलेला भागच मुख्यत्वे लेंडीतून पडतो. चारा शेकडा ६० पचणारा असेल आणि रोज ४०० ग्रॅम सुक्या लेंड्या पडत असतील, तर बोकडाने १ किलो सुका चारा खाल्ला व ६०० ग्रॅम पचविला.

आता उन्हाळ्यातील वाळलेले गवत घ्या. ते शेकडा ४५ पचते असे धरल्यास, त्याच ४०० ग्रॅम लेंड्यांचा अर्थ होतो सुमारे ७२७ ग्रॅम चारा आणि पचले फक्त ३२७ ग्रॅम. लेंड्या तेवढ्याच, पोषण मात्र जवळजवळ निम्मे! असले राठ गवत पोटात जास्त वेळ राहते, त्यामुळे जनावर खातेही कमी. दिवसभर चरूनही बोकड का भरत नाही, याचे उत्तर येथे आहे.

यात एक खबरदारी हवी. बोकड कोवळा पाला व शेंगा निवडून खातो. त्यामुळे विळ्याने सरसकट कापलेल्या गवतावरून पचनाचा आकडा काढला तर तो चुकतो. ६० च्या जागी ५० धरले की १ किलोचे ८०० ग्रॅम होतात. बोकड जे तोडतो तेच हाताने तोडून नमुना घ्यावा लागतो.

२०२५ साली बकरी ईद ७ जूनला आली. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी आधी सरकते. म्हणजे पुढची काही वर्षे ईदपूर्वीचे महिने सुक्या गवताचेच राहणार.

आपणा प्रत्येकाला पिशव्या बांधणे जमणार नाही, पण तराजू तर आहे. कापडाचा तागा आपण मोजल्याशिवाय घेत नाही. मग बोकड नजरेने का? सोपविताना वजन करा, पुढे दर पंधरा दिवसांनी सकाळी, चारा-पाण्याआधी करा. वजन थांबले की बाभळीच्या शेंगा, भुईमुगाचा पाला, तुरीचे भुसकट यांची जोड द्या. तो खर्च कोणी सोसायचा हे आधीच कागदावर ठरवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच.

निकृष्ट चाऱ्याचा दोष गरीब माणसाच्या इमानावर टाकणे हा व्यापार नव्हे.