फोन कुणाच्या खिशात?

‘घरात मारहाण होते? १८१ वर फोन करा.’ तालुक्याच्या एसटी स्टँडवर, पंचायत समितीच्या भिंतीवर अशी पाटी दिसते. फोन फुकट लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पाटी रंगवणाऱ्याने एवढंच गृहीत धरलंय, की फोन बाईच्या हातात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाईल आपल्याकडे असल्याचं महाराष्ट्रातल्या जेमतेम ५५ टक्के बायकांनी सांगितलं. त्याच पाहणीत लग्न झालेल्या दर चौघींतल्या एकीने नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या निघाल्या अवघ्या १४ टक्के.

पाऊसपाण्याच्या सदरात हा विषय कुठून आला, असं कुणी विचारेल. २०२३ साली ‘जामा सायकियाट्री’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधल्या १ लाख ९४ हजारांहून अधिक बायकांची माहिती तपासून संशोधकांनी मांडलं, की वर्षाचं सरासरी तापमान एका अंशाने चढतं तेव्हा जोडीदाराकडून होणारी हिंसा साडेचार टक्क्यांनी वाढलेली दिसते. म्हणून उन्हाला आरोपी करायचं कारण नाही. चव्वेचाळीस अंशांतही कितीतरी नवरे बायकोला मारत नाहीत, आणि मारणारे डिसेंबरातही मारतात. दुष्काळ बाईच्या सुटकेच्या वाटा बुजवतो, एवढं मात्र खरं. एरवी चार दिवस माहेरी जाऊन राहता येतं. पण माहेरही त्याच कोरड्या पट्ट्यात, भावाच्या दारीही टँकरचीच वाट. मजुरी बंद, म्हणजे पदरचे चार पैसे बंद. घरखर्चाला कात्री लागली की तिचा रिचार्ज राहून जातो. मुदत संपल्यावर काही दिवसांत येणारे फोनही थांबतात. मग आईलासुद्धा लेकीची खबर घ्यायची सोय उरत नाही.

बीडच्या ऊसतोड्यांकडे पाहा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या थेट चैत्राच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याला. फेडायची मात्र दोघांनी, कंबर मोडून. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. बाईने नवऱ्याला सोडायचं म्हटलं तर संसाराबरोबर उचलीचा व्यवहारही मोडतो, आणि तो मोडू नये यात नवऱ्याइतकाच मुकादमाचा जीव अडकलेला. फडावरच्या कोपीत बहुतेक ठिकाणी वीज नसते. घरातला चालू फोन एकच, आणि मुकादमाचा निरोप कधीही येईल म्हणून तो नवऱ्याच्या खिशात.

कायदा इथे कमी पडत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार बाई जिथे तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही तिला अर्ज करता येतो. म्हणजे बीडची बाई कोल्हापुरात करू शकते, कर्नाटकातल्या फडावर असेल तर तिथेही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न, हेही लिहिलेलं आहे. फक्त हे तिला सांगणारं माणूस फोनच्या पलीकडे हवं. तारखा लांबल्या आणि हंगाम संपला तर टोळी गावाकडे, खटला कारखान्याच्या गावी.

बाईला मदतीपर्यंत पोहोचता येत नाही, या अडचणीवर ॲप काढण्याची हौस आपल्याकडे दांडगी आहे. उद्घाटन होतं, फोटो येतो. नवऱ्याच्या फोनमध्ये बायकोने असलं ॲप घ्यायचं म्हणजे त्याच्या हातात पुरावा द्यायचा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये आणीबाणीचं बटण हवं, साध्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरायचा, असाही केंद्राचा नियम आहे. रस्त्यावर कुणी पाठलाग करत असेल तर ते ठीक. घरात ते बटण दाबलं तर एक रात्र पोलीस येतील. सकाळी चूल पेटवायची ती त्याच घरात.

त्यापेक्षा मला मिस्ड कॉल जास्त शहाणा वाटतो. बटणाच्या फोनवरून, शेजारणीच्या फोनवरून एक रिंग द्यायची. पलीकडच्या ताईने, बाईने सांगितलेल्या वेळेलाच, उलट फोन करायचा. पहिला प्रश्न, ‘आत्ता बोलता येईल का?’ नवरा जवळ असेल तर बाई म्हणेल, ‘साड्या नकोत.’ समुपदेशकाचा नंबर ‘शिवणक्लास’ नावाने ठेवायचा. मेसेज पाठवायचा नाही, कारण मेसेज मागे राहतो. यात नवं तंत्र काहीच नाही, पगारी आणि जागं माणूस मात्र लागतं. आपल्याकडे ज्या कामांनी मूळ धरलं ती अशीच आहेत: मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेने आणि महापालिकेने उघडलेलं ‘दिलासा’ केंद्र. दोन्हीकडे बाईसमोर माणूस बसलेलं असतं.

फोन कुणाचा, हा प्रश्न पैशालाही लागू आहे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात, पण खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला असेल तर पैसे आल्याची खबर आधी त्याला लागते. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. मार खाऊन वेगळी राहणारी बाई तो ओटीपी कुणाकडे मागणार?

सरकार तालुका दुष्काळी जाहीर करतं तेव्हा सवलतींची एक ठरलेली यादी लागू होते. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीचे निकष शिथिल, टँकर, पंपाची वीज न तोडणं. २०१८ साली १५१ तालुक्यांना ही यादी लागू झाली. तिच्यात नववी ओळ घालावी: या तालुक्यात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, दुसऱ्या कामाचा अतिरिक्त कार्यभार न देता, मिस्ड कॉलला उलट फोन करणाऱ्या दोघी, आणि बायकांच्या नावावरच्या सिमला वर्षभराचा साधा रिचार्ज, फक्त बोलण्यापुरता. डेटा नको. पैसे कुठून आणायचे, हे विचारलं जाईलच. कृषिपंपाच्या सवलतीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे.

फडावरच्या बायकांपर्यंत पोहोचायचं कसं, ही सबबही चालणार नाही. गर्भपिशव्यांच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तेव्हा आरोग्य कर्मचारी दारोदार गेले होते. तसेच या वर्षी जावेत, पण टोळ्या गाव सोडण्याआधी, म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत. एकदा ट्रॅक्टर निघाला की नंबर लिहून घ्यायला कुणी भेटत नाही.