चैत्रातला दम आश्विनापर्यंत टिकेल काय?

हरभरा निघाला, गहू घरात आला आणि रेणुकामातेची चैत्री यात्रा तोंडावर आली की चिखली तालुक्यातल्या माणसाला आठ-पंधरा दिवस जरा टेकायला सवड मिळते. याच सवडीत एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, इथल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डीचा सराव सामना झाला. एका बाजूला महाविद्यालयाचा संघ आणि दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्याच एका गावच्या मंडळाचे गडी. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. जे लिहायचे आहे ते त्या एकट्याचे दुखणे नाही.

मैदानावर पाणी मारलेले, फक्कीच्या रेषा ताज्या, कडेला दीड-दोनशे माणूस. पोरांनी सामना सात गुणांनी मारला. शिट्टी वाजल्याबरोबर गुलाल नव्हता तरी मातीच उधळली. माझ्या शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "भाऊ, यंदा आपले पोट्टे विद्यापीठात नाव काढतेत, लिहून घ्या." लिहून घ्यायची वेळ अजून आलेली नाही, असे माझे मत आहे.

सामना डोळे उघडे ठेवून पाहिला तर काय दिसले? पहिल्या वीस मिनिटांत महाविद्यालयाच्या पोरांनी मैदान खाऊन टाकले. अमडापूरकडून येणारा दुसऱ्या वर्षाचा एक चढाईपटू आहे. अंगाने किडमिडा, पण पायात वीज. समोर सहा-सात गडी उभे असताना हा हसत हसत बोनस रेषा ओलांडतो आणि त्यांची साखळी मिटायच्या आत मध्यरेषेवर परत येतो. डाव्या कोपऱ्यावरच्या पोराची घोटा पकड तर पाहत राहावी अशी. त्याने तिघेच गडी शिल्लक असताना केलेली एक अव्वल पकड गावच्या मंडळालासुद्धा टाळ्या वाजवायला लावून गेली. लोण चढला तेव्हा सामना संपल्यातच जमा होता.

पण उत्तरार्धात शेवटची सात-आठ मिनिटे राहिली आणि पोरांचा दम गेला. दम म्हणजे नुसता श्वास नव्हे. पाय जड झाले, हात खाली आले, दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसऱ्या चढाईला, जिथे गुण आणावाच लागतो, तिथे घाईने आत शिरून चढाईपटू आपणहून गळाला लागला. मध्यरक्षक दोघेही एकाच वेळी पुढे धावले आणि कोपरा उघडा पडला. समोरचे गडी तिशी ओलांडलेले, काही तर मळणीवरून थेट आलेले, म्हणून निभावले. हेच अमरावती किंवा अकोल्याच्या तयार संघासमोर घडले असते तर सात गुणांची आघाडी तीन मिनिटांत गेली असती. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलो आहे आणि मोठ्या संघांचे पकड करणारे गडी त्या काट्याच्या जवळपास असतात. आमच्या पोरांतला सर्वांत जड पोरगा सत्तरच्या आतबाहेर असावा. चपळाईने वजनावर मात करता येते, पण चाळीस मिनिटे करायची तर पोटात काहीतरी जावे लागते. सकाळी सातच्या एस.टी.ने निघालेला पोरगा संध्याकाळी साडेपाचला सरावाला उभा राहतो तेव्हा त्याच्या पोटात दोन कप चहा आणि एक समोसा असतो. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, दूध हा काही श्रीमंतांचा खुराक नाही. ज्या तालुक्यात हरभऱ्याची पोती थप्पीला लागतात तिथल्या खेळाडूला मूठभर फुटाणे मिळू नयेत, याला काय म्हणावे?

आता पुढच्या हंगामाचा हिशेब मांडू. त्या दिवशी उतरलेल्या सातांपैकी चार जण शेवटच्या वर्षाचे. परीक्षा झाली की ते मोकळे. घोटा पकडणारा तो डावा कोपराही त्यांच्यातच आहे. त्यांनी पदव्युत्तर वर्गाला नाव घातले तर वयाच्या मर्यादेत आहेत तोवर खेळता येते. पण नाव घालायचे कुणाच्या भरवशावर? म्हणजे काकांनी जो संघ पाहून मला लिहून घ्यायला सांगितले, तो संघ हंगामाला राहणारच नाही. राहतील तिघे आणि कडेला बसलेले राखीव. त्या राखीव पोरांना त्या दिवशी चाळीस मिनिटांत एकदाही आत घेतले नाही. सराव सामना असतो कशासाठी? जिंकण्यासाठी तर नक्कीच नाही. निकाल पाच मिनिटांत विसरला जातो. नवा पोरगा दडपणाखाली कसा उभा राहतो ते कळले तर तो सामना कामी आला. हा दोष मात्र मार्गदर्शकाचाच म्हणावा लागेल. मी त्यांना तसे बोललोही. ते म्हणाले, "साहेब, एवढे लोक बघायला आले, हारलो असतो तर पोरांचा हुरूप गेला असता." त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केले असते.

आपला भाग या खेळात मागासलेला आहे असे कुणी समजू नये. ज्या अमरावती विद्यापीठात ही पोरे खेळतात, त्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी साऱ्या जगासमोर कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकासाठी आला आणि भारताने सुवर्ण घेतले. ते सुवर्ण आपले वतनच आहे अशी समजूत झाली असताना २०१८ मध्ये जकार्तात इराणने पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत आपल्याला पाणी पाजले. हांगझोऊला २०२३ मध्ये आपण दोन्ही सुवर्णे परत आणली, पण महिलांचा अंतिम सामना फक्त एका गुणाने. इराणच्या गावखेड्यात हुतूतू कुणी खेळत नव्हते. त्यांनी हा खेळ शिकून घेतला, मॅटवर, शिस्तीत, बारा महिने.

बारा महिने! इथेच आपले घोडे अडते. आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ ही गोष्ट पावसाळ्यानंतर जन्माला येते आणि दिवाळीच्या आगेमागे मरते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान असतात. म्हणजे भाद्रपद-आश्विन. चिखली तालुक्यात या दिवसांत काय असते ते शेतकऱ्याला सांगायला नको. सोयाबीन सोंगणीला आलेले, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि परतीचा पाऊस डोक्यावर. अशा वेळी घरचा तरणाताठा पोरगा चार दिवस कबड्डीला जातो म्हणाला तर बाप काय म्हणेल? जूनमध्ये पेरणी, जुलैत डवरणी-निंदण, तेव्हाही तेच. नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयातल्या पोराला ही अडचण नाही. आमच्या पोराचा खरा प्रतिस्पर्धी मैदानापलीकडे उभा नसतो, तो घरच्या वावरात उभा असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की पुढच्या हंगामाची तयारी आत्ता, चैत्र-वैशाखातच झाली पाहिजे. शेती मोकळी असते ती याच दिवसांत. पण नेमकी याच वेळी परीक्षा, मग सुट्टी, मैदानाला कुलूप. महाविद्यालयाचे पत्र नाही म्हणजे एस.टी.चा सवलतीचा पास नाही. उंद्री, अमडापूर, मेरा, शेलगाव आटोळ, किन्होळा अशा चहूबाजूंनी येणाऱ्या पोरांनी रोज पूर्ण तिकीट काढून सरावाला यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. मग सराव गावाकडे न्यावा. चार-पाच गावांचा एक गट, जिथे मंडळाचे मैदान आहे तिथे सकाळी सहा ते आठ, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी चिखलीत जमून सामना. मार्गदर्शकाला मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे संस्थेने द्यावेत. एवढा खर्च न झेपणारी संस्था तालुक्यात नसावी. गॅदरिंगच्या मांडवावर किती जातात ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी अडचण मॅटची. आपली पोरे वर्षभर मातीत खेळतात आणि महत्त्वाच्या स्पर्धेत एकदम मॅटवर उतरतात. मातीत पाय घसरतो, तो घसरण धरूनच आपला चढाईपटू वळायला शिकलेला असतो. मॅटवर बूट चिकटतो. वळण तेच, पण पाय मागे राहतो आणि गुडघा पुढे जातो. गुडघा गेला की पोरगा गेला. पकड करणाऱ्यालाही मातीत अंग झोकून देता येते. मॅटवर तसे झोकले की कोपर सोलते, आणि एकदा सोलले की दुसऱ्यांदा तो दबकतो. प्रत्येक महाविद्यालयाला मॅट घेता येणार नाही, हे मान्य. पण तालुक्यातल्या सगळ्या महाविद्यालयांनी मिळून एक १३ बाय १० मीटरचा संच घ्यायला काय हरकत आहे? त्याच मॅटवर रेषा बदलून मुलींचे १२ बाय ८चे मैदान आखता येते. नाव कुणाचे टाकायचे यावर भांडण होईल म्हणता? व्हायचेच, आपल्याकडे पाणपोईवरही होते.

मुलींचे नाव निघाले म्हणून सांगतो, त्या दिवशी मुलांच्या आधी मुलींचाही अर्धा डाव झाला. तो पाहायला वीस माणसे नव्हती. माझ्या मते पुढच्या हंगामाची खरी आशा तिकडे आहे. संघ बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे टिकणारा. आणि पकडीच्या वेळी एकमेकींना हाक मारण्याची शिस्त मुलांपेक्षा चांगली. फक्त सराव संपवून शेवटची गाडी गाठायची असते, म्हणून त्यांचा खेळ नेहमी अर्ध्यावरच थांबतो. महिलांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट झाले हे बरे झाले, पण गाडीच नसेल तर अर्धे तिकीट घेऊन काय करायचे? आगाराने संध्याकाळची एक फेरी तासभर पुढे नेली तर मोठे काम होईल. त्यासाठी प्राचार्यांनी नुसते पत्र न पाठवता स्वतः जाऊन बसावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. अमडापूरकडच्या त्या चढाईपटूचे वडील सामना पाहायला आले होते. पोराने बोनस घेतला की त्यांचा चेहरा उजळायचा आणि पोरगा पडला की हात कपाळाला जायचा. सामन्यानंतर मी त्यांना म्हटले, दादा, पोरगा लय तयारीचा आहे. ते म्हणाले, "खेळते चांगला, ते मलेबी दिसते. पण ह्याच्यानं नोकरी लागते का, ते सांगा. त्याचा पाय मोडला तर भरतीत धावन कोण?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार! पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून ५० गुण. त्या ५० गुणांसाठी आज गावोगावचे पोर पहाटे रस्त्याने पळताना दिसते. कबड्डीतले शंभर गुण तिथे शून्य. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे खरे. पण त्यासाठी वरच्या दर्जाच्या स्पर्धेतले यश लागते, त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते, आणि नुसत्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या कागदाने ते दार उघडत नाही. हे पोरांना कुणी नीट सांगतही नाही. काहीजण प्लास्टिकच्या पिशवीत दहा-दहा प्रमाणपत्रे जपून ठेवतात आणि अर्ज भरायच्या दिवशी त्यांना कळते की यातला एकही कागद चालत नाही. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी सांगावे की बाबा, कोणत्या पातळीपर्यंत गेलास तर उपयोग आहे, आणि तिथपर्यंत जायला तुझ्याकडे किती हंगाम आहेत. मग बापालाही ठरवता येईल. २०१४ पासून टी.व्ही.वर प्रो कबड्डी पाहून प्रत्येकाला वाटते आपला पोरगा तिथे जाईल. शंभरातला एक जाईल की नाही, कोण सांगणार! पण जिल्ह्यातून दरवर्षी दोन-चार पोरे विद्यापीठाच्या संघात बसून पश्चिम विभागाच्या स्पर्धेपर्यंत पोचणे, ही काही हवेतली गोष्ट नाही. आहे त्या पोरांत ती कुवत मी त्या संध्याकाळी पाहिली.

त्यासाठी भरतीची तयारी आणि कबड्डीचा सराव यांचे वैर मात्र मिटवले पाहिजे. पहाटे १६०० मीटर पळणारा पोरगा तोच दम उत्तरार्धातल्या शेवटच्या सात मिनिटांत वापरू शकतो. त्या दिवशी जे कमी पडले ते नेमके हेच. मार्गदर्शकांनी भरतीवाल्या पोरांना 'संघाशी बेइमानी' म्हणून हिणवण्याऐवजी त्यांच्याबरोबर सगळ्या संघालाच रस्त्यावर उतरवावे.

मैदानावरून निघताना त्या चढाईपटूला विचारले, सुट्टीत काय करणार? म्हणाला, "सरांनी पंधरा जूनला बोलावलं. पण पाऊस पडला तर पेरणी हाय सर, मंग जुलैतच जमन." त्याचे वडील गाडीला किक मारून उभे होते. तो मागे बसला. गुडघ्याला खरचटले होते, त्यावर माती तशीच होती.