शिक्का नको, बदलांची नोंद हवी

2019 मध्ये नागपूर विद्यापीठाने बीए इतिहासात राष्ट्रउभारणीतील संघाच्या भूमिकेचा भाग घातला. अशा मजकुरावर 'वैचारिक' असा जाहीर शिक्का मारावा, असं आपले काही दोस्त म्हणतात. मला ते धोक्याचं वाटतं. 2010 मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने रोहिंटन मिस्त्री यांच्या 'सच अ लाँग जर्नी'ला आक्षेपार्ह ठरवलं आणि मुंबई विद्यापीठाने ती कादंबरी काढून टाकली. शिक्का सत्तेच्या हातात असतो. उद्या तो सच्चर अहवालावरही बसेल. (पाटी कोण बदलतं, हे आम्हा इस्लामपूरकरांना वेगळं सांगायला नको.)

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. काय काढलं, काय घातलं, कुणी, का. विद्यापीठांकडे तेवढंच मागूया. नागपुरात संघाचा भाग आला, तेव्हा जमातवादाच्या उदयाचं प्रकरण गेलं होतं. ते का काढलं, हे किती जणांनी विचारलं?