वार्तापटांचे समांतर वाचन

दृक्‌माध्यमांमुळे इतिहास उथळ होतो, अशी तक्रार विद्यापीठीय वर्तुळात वारंवार ऐकू येते. फ्रेंच इतिहासकार मार्क फेरो (१९२४-२०२१) यांचे कार्य या तक्रारीला समर्पक उत्तर ठरते. चित्रपट हे इतिहासलेखनाचे साधन होय, असे प्रतिपादन करून ते थांबले नाहीत. १९८९ ते २००१ या काळात चाललेल्या 'इस्त्वार पारालॅल' या दूरचित्रवाणी-मालिकेच्या महायुद्धविषयक भागांत त्यांनी ५० वर्षांपूर्वीच्या त्याच आठवड्यातील, परस्परविरोधी राष्ट्रांचे वार्तापट प्रेक्षकांसमोर शेजारी शेजारी ठेवले. सुटा वार्तापट प्रचारकीच होता. परंतु एकाने ठळक केलेले दुसऱ्याने गाळलेले दिसताच ते गाळणेही पुरावा झाले. असा पुरावा तपासण्याची दृष्टी सर्वसामान्य प्रेक्षकाला देणे, हेच खरे लोकशिक्षण होय. संहितेतील मौनांचा शोध घेणाऱ्या साहित्याभ्यासकांना ही रीत परकी वाटू नये.