राखणदाराची राखण

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना फार जुन्या काळी पडला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. म्हण तेवढी करून ठेवली आणि पुढचा विचार आपल्यावर सोपवून ते मोकळे झाले. त्या वेळी कुंपण बाभळीच्या काट्यांचे होते. आता ते संगणकाच्या पोटात गेले आहे. पण त्याची खोड काही गेलेली नाही.

फराळाच्या ताटापुढे संगणकाचे पुराण मांडल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. ज्या घरात विजेचे बिल, गॅसचा नंबर आणि मुलांची फी फोनवरूनच हलते, त्या घराची या पुराणातून सुटका नाही.

19 जुलै 2024 ची गोष्ट. शुक्रवार होता. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी संगणकांच्या राखणीचा व्यवसाय करते. तिने आपल्या राखणदारांना चोर ओळखण्याची नवी खूण कळवली. थोड्याच वेळात जगभरचे सुमारे 85 लाख संगणक निळे पडले. विमाने जमिनीवर राहिली, इस्पितळांची कामे अडली. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर प्रवाशांची नोंद हाताने होऊ लागली आणि कित्येकांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. ज्यांचे अक्षर शाळेत मास्तरांनी घोटून घेतले होते, त्यांचा त्या दिवशी खरा उपयोग झाला!

एवढा अनर्थ कशाने झाला? चोर आला नव्हता. पंगतीत पाट मांडले होते वीस आणि नव्या खुणेने राखणदाराला सांगितले की, एकविसाव्या पानावर काय वाढले आहे ते पाहा. तो पाहायला गेला आणि जिथे पाटच नाही तिथे तोंडघशी पडला. दुसरा एखादा कार्यक्रम असा पडला असता तर एकटाच पडला असता. परंतु या राखणदाराचे आसन थेट गाभाऱ्यात असते. चोराला गाभाऱ्यापर्यंत पोचू द्यायचे नाही, म्हणून पहारेकऱ्यालाच तिथे बसवायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे तो कोसळला की देऊळच कोसळते.

कंपनीने चूक 78 मिनिटांत मागे घेतली. पण जे संगणक पडले होते त्यांना ही सुवार्ता कळणार कशी? उठून बसण्यापूर्वीच ते पुन्हा बेशुद्ध होत होते. अखेर माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने पुसावी लागली. कित्येक यंत्रांना कुलूप होते आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे 48 आकडी संख्या! बऱ्याच ठिकाणी त्या किल्ल्याही दुसऱ्या संगणकात जपून ठेवलेल्या होत्या आणि तोही निळाच पडला होता.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या कंपनीच्या राखणदाराने विंडोजची एक अत्यावश्यक फाइलच चोर समजून पकडली होती आणि हजारो संगणक बंद पडले होते. त्या वेळी मॅकॅफीचे तंत्रप्रमुख होते जॉर्ज कुर्ट्झ. 2024 साली क्राउडस्ट्राइकचे मुख्याधिकारीही तेच! नियती कधीकधी तोच धडा त्याच विद्यार्थ्याला पुन्हा लिहायला लावते.

आता कोणी म्हणेल, ही मुंबई-न्यूयॉर्कची दुखणी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावाला त्याचे काय? मलाही तसेच वाटत असे. पण मागे एकदा परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना आमच्या कार्यालयातला मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, बंद पडला. विद्यार्थ्यांच्या नोंदी, गुण, फीच्या पावत्या, सारे त्याच्याच पोटात. शिपाई धावत वर्गावर आला.

"सर, मशीन निळं पडलं जी! साप चावल्यावानी."

उपमा इतकी नेमकी होती की अलंकार शिकवणाऱ्या मलाही तिच्यात दुरुस्ती सुचेना. खाली जाऊन पाहिले, तर खिडकीपाशी मुलींची रांग. आसपासच्या खेड्यांतून एसटीने आलेल्या. परतीची गाडी चुकली तर घरी बोलणी खाणाऱ्या. यांतल्या एखादीचा अर्ज राहिला की वर्ष जाते, आणि वर्ष गेले की घरात स्थळे पाहणे सुरू होते. एका यंत्राच्या निळे पडण्यात किती जणींचे पुढचे आयुष्य अडकलेले असते, हे त्या यंत्राला कुठून कळणार!

मेहकरहून एक तरुण दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राला हातही न लावता प्रथम विचारले, "काल याच्यात नवीन काय घातलं?" आमच्या गावचे जुने वैद्यही नाडी धरण्यापूर्वी, काल काय खाल्ले, हेच विचारत. तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी एका विक्रेत्याने नवा राखणदार बसवला होता आणि जुना तसाच ठेवला होता. एका दाराशी दोन पहारेकरी! एकाने फाइल उघडायला घेतली की दुसरा त्याचा हात धरणार.

त्याने यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू केले. म्हणजे घरातली पाहुणेमंडळी बाहेर ठेवून फक्त घरच्या माणसांनिशी चूल पेटवायची. मग कोसळताना यंत्राने मागे ठेवलेला पंचनामा वाचला. त्यात राखणदाराचेच नाव निघाले. "नुसतं बंद करून भागत नाही, सर," तो म्हणाला, "त्याची मुळं आत राहतात. समूळ काढावं लागतं." आधी नोंदींची एक प्रत त्याने वेगळ्या डिस्कवर घेतली, मगच एकाला काढले आणि उरलेल्याला बजावले की, नोंदींचे कपाट दर घटकेला उचकायचे नाही. ज्या फाइली अहोरात्र उघड-मीट होतात, त्या प्रत्येक वेळी तपासायला गेले की सर्व्हर धापा टाकू लागतो. मात्र तेवढेच कपाट मोकळे सोडायचे, सारे घर नव्हे, हेही त्याने सांगितले.

हे चालू असताना आमचे बाबू स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी प्रवेशाची जुनी नोंदवही काढून मुलींची नावे, विषय आणि भरलेली फी पेनाने टिपायला सुरुवात केली होती. संध्याकाळी यंत्र शुद्धीवर आले तेव्हा यादी तयार होती. कोणा मुलीची गाडी चुकली नाही आणि कोणाचा अर्जही राहिला नाही.

यावरून राखणदारच नको, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या विषाणूने आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प करून कंटेनरांच्या रांगा लावल्या होत्या. चोर खरे आहेत, म्हणून कुंपण हवेच. फक्त ते एकच असावे, आणि त्याच्यावरही कोणाची तरी नजर असावी. नवी खूण आली की ती आधी एका यंत्रावर पाहावी, मग दहांवर. पापड लाटणारी बाई पहिला पापड तळून पाहते, तेवढाच शहाणपणा यात आहे.

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आता वहीशेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहिले जाते. चांगलेच आहे. फक्त जागा हवी म्हणून वही उचलून माळ्यावर टाकू नये. ज्या दिवशी राखणदार चुकेल, त्या दिवशी तीच उपयोगी पडणार आहे.