ऊद मेथाहून : जेबेल जैसची तयारी



आमच्या ऊद मेथात चढ औषधालाही मिळायचा नाही. इकडे शाळा, तिकडे चर्चं, मधे मेट्रोचं स्टेशन, आणि सगळी जमीन तव्यासारखी सपाट. मोटारी ठेवण्याच्या इमारतींतला वर जाणारा रस्ता, एवढाच काय तो आमचा घाट, आणि तिथून पहारेकरी हाकलतो. असं असूनही आमच्या सायकल क्लबाने ठरवलंय की येत्या जानेवारीत सगळ्यांनी मिळून जेबेल जैस चढायचा. त्याची तयारी कशी चालली आहे, ते या खेपेला कळवतो.

जेबेल जैस हा रास अल खैमातला डोंगर, हजर पर्वताच्या रांगेतला. आपल्या घरून गाडीने पायथ्याला जायला दीड-पावणेदोन तास लागतात. अमिरातीत याहून उंच डोंगर नाही. इथे २००४ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये बर्फ पडलं होतं, हे मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. चढ सुमारे वीस किलोमीटरचा, आणि रस्ता संपतो तिथे उंची पंधराशे मीटरच्या आसपास. चढाव सरासरी पाच ते सहा टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाच-सहा मीटर वर गेलात. ऐकायला काहीच नाही. पण सबंध चढ अकराशे मीटरचा होतो. ज्या वडीलधाऱ्यांनी खोपोलीहून लोणावळ्याचा घाट पाहिला आहे त्यांनी असं समजावं, की दोन बोरघाट एकावर एक ठेवले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाटात पहिला येईल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. ते राजे बघायला रस्त्याच्या कडेला किती गर्दी व्हायची, ते आमच्यापैकी काहींना अजून आठवतं.

जैसवरही राजे येतात बरं का. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास इथे यूएई टूर नावाची शर्यत होते, आणि २०१९ पासून तिचा एखादा टप्पा बहुतेक वेळा या डोंगरावर संपलेला आहे. पहिल्या वर्षी स्लोव्हेनियाचा रोग्लिच जिंकला. २०२१ मध्ये योनास विंगेगार्ड नावाचा डेन्मार्कचा एक सडपातळ मुलगा जिंकला, तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. मुलांनो, हा गडी काही वर्षांपूर्वी सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करायचा नि दुपारी सायकल चालवायचा. पुढे २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं त्याने टूर द फ्रान्स जिंकली. आपण कोकणातले, मासळीवाल्याचं कौतुक आपल्याला जरा जास्तच. ही मंडळी तासाभराच्या आत वर पोचतात. आम्ही आमचा हिशेब सव्वादोन ते अडीच तासांचा धरला आहे, आणि मागे राहणाऱ्यांसाठी तीन.

पहिला वाद दिवसावरून. इथली सुट्टी दोनदा बदललेली आम्ही पाहिली. २००६ पर्यंत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, मग शुक्रवार-शनिवार झाली, आणि २०२२ पासून शनिवार-रविवार, शिवाय शुक्रवारी अर्धा दिवस. शुक्रवारची सुट्टी होती तेव्हा आम्हाला सोपं होतं, क्लब शुक्रवारी सकाळी निघायचा नि शब्बाथला आम्ही घरी. आता लांबची सफर म्हटली की सगळे शनिवार धरतात. आमच्या वाडवडिलांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. घाणा बंद तर सायकलही बंद. आम्ही हे सभेत सांगितलं, आणि वाटलं होतं की या खेपेला आपण घरी बसणार. पण गोव्याचे एक सभासद उभे राहिले. ते आमच्या गल्लीतल्या सेंट मेरीज चर्चला जातात. म्हणाले, “मी शनिवारी संध्याकाळी मास करतो, तुम्ही रविवारी चला.” पेशावरच्या खानसाहेबांना शुक्रवार दुपार सोडून कुठलाही दिवस चालतो. रविवार ठरला. जानेवारीत शब्बाथ साडेसहाच्या सुमारास सरतो, हावदाला झाली की सायकली गाडीवर बांधायला सबंध रात्र आहे.

सराव कुठे करायचा, हा दुसरा प्रश्न. डोंगर नाही तर वारा तरी आहे. अल कुद्राचा वाळवंटातला सायकलमार्ग ऐंशी किलोमीटरहून लांब आहे, आणि तिथे समोरून वारा सुटला की तासभर हलका चढ चढल्यासारखंच होतं. कामाच्या दिवशी नाद अल शेबाचा फेरा जवळ पडतो. आमचा नियम असा, की वाऱ्याविरुद्ध बसूनच पायडल मारायचं, उभं राहायचं नाही, आणि दम लागला तरी शेजाऱ्याशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, इतकं साधं. मागचं सगळ्यांत मोठं दातेरी चक्र किती दातांचं आहे, तेही प्रत्येकाने मोजून यायचं. बत्तीसच्या खाली असेल तर दुकानात जाऊन बदलून घ्या. वीस किलोमीटर गुडघे सोलण्यात काही मर्दुमकी नाही.

पण आमचा खरा वेळ गेला तो उतारावर. चढ कसा चढायचा, याबद्दल सगळे बोलतात. चढताना माणूस दमला तर थांबतो, पाय टेकतो, पाणी पितो, फार तर लाजतो. उतरताना थांबता येत नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरावर क्लबातला एक तरुण उतरताना पडला नि त्याची हासळी मोडली. वर तो पहिला पोचला होता.

मुलांनो, एक हिशेब करून बघा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. अकराशे मीटर वरून खाली येताना जेवढी शक्ती मोकळी होते, तेवढ्यात अडीच लिटरहून जास्त गार पाणी उकळेल. म्हणजे घरी पाहुणे आल्यावर ठेवतो तेवढं चहाचं आधण. त्यातला मोठा वाटा वारा खातो, पण उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणून ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग तोडायचा, मग सोडायचा, की चाकाला हवा लागते. वळणात ब्रेक मारला तर चाक घसरतं. जैसचा रस्ता रुंद नि गुळगुळीत आहे, तीच तर भीती. वेग किती झाला ते कळत नाही. आणि मधेच बकऱ्या येतात. त्यांना शर्यतीचं काही नाही.

थंडीचंही तसंच. दर हजार मीटरला हवा सहा-सात अंशांनी उतरते, वर वारा असतो, आणि चढून आलेल्याचे कपडे घामाने ओले. बोटं गारठली की ब्रेक दाबता येत नाही. म्हणून हातमोजे आणि एक वारा अडवणारं जाकीट प्रत्येकाचं मागच्या गाडीत. जुने सायकलवाले छातीशी वर्तमानपत्र खुपसून उतरत, तेही चालेल. (आपल्या पत्रिकेचा अंक मात्र वाचून झाल्यावरच.)

आता ज्यावरून घराघरांत रुसवेफुगवे झाले ते. सभेत असं ठरलं, की सोळा वर्षांखालच्या कोणी सायकलवरून उतरायचं नाही. हवं तेवढं चढा, अगदी माथ्यापर्यंत, पण खाली गाडीतून. आमच्या एका पंधरा वर्षांच्या पोराने दोन दिवस घरात कोणाशी बोलणं टाकलं. त्याचं म्हणणं, “चढताना मेहनत माझी, आणि मजा तुम्ही घेणार?” त्याचं दुःख आम्हाला कळतं. पण हा नियम त्याच्या आजोबांनाही लागू आहे. त्यांचं वय एकाहत्तर, भायखळ्याला असताना रोज सायकलने गिरणीत जात, आणि ते पहिले आठ किलोमीटर चढणार आहेत. त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. मग नातवानेही केलं, जरा कुरकुरत.

बाकीच्यांनी उतरताना एकामागे एक, दोघांत निदान पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवायचं, कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. घड्याळ लावायचं नाही. दर पाच किलोमीटरला कडेच्या मोकळ्या जागेत सगळे जमेपर्यंत थांबायचं. सगळ्यांत शेवटी कप्तान असतील. क्लबातला सर्वांत ताकदवान माणूस शेपटीला असावा, हा आमचा आग्रह होता, तो मान्य झाला.

खाण्याचं बायकांनी नि पुरुषांनी वाटून घेतलं आहे. उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून, खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की. एका मावशींनी भिजवलेले पोहे, गूळ नि ओलं खोबरं असे लाडू वळून पाहिले. चवीला मलिद्याची आठवण येते, पण मलिदा तो मलिदा, त्याला प्रसंग लागतो, म्हणून याला आम्ही नुसते पोह्याचे लाडू म्हणतो. पाणी तासाला एक बाटली, तहान नसली तरी.

निघायचं पहाटे पावणेपाचला, मेट्रो स्टेशनजवळून. पायथ्याला पोचेतो झुंजूमुंजू होईल, आणि उजाडल्यावर सातला पायडल. इमिरेट्स आयडी खिशात, हेल्मेट डोक्यावर, मागे लाल दिवा. डोंगरात पाऊस झाला की वाद्यांना लोंढे येतात नि रस्त्यावर दगड पडतात, म्हणून शुक्रवारी सकाळीच रस्ता चालू आहे का, याची चौकशी होईल. पावसाची नुसती शक्यता असली तरी सफर पुढच्या रविवारावर जाईल. कोणी भांडू नये.

मागच्या गाडीत चालकाशेजारची एक जागा अजून रिकामी आहे. सायकल न चालवणारे, पण पंक्चर काढता येणारे, कोणी आजोबा किंवा मामा असतील तर त्यांनी शब्बाथपूर्वी कळवावं. चहाचा थर्मास त्यांच्याच ताब्यात राहील.